आमच्या घरात सगळे घसरतात

शुक्रवार, १७ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू ठीक नाहीस हे मला माहीत आहे. रोज दवाखान्यात खालच्या बाकावर येऊन बसते, तुझी बायको खाली उतरली की तुझी खबर विचारते, हातातली पिशवी तिच्याकडे देते आणि परत फिरते. वर येत नाही. का येत नाही ते आज लिहीत नाही.

काल ती म्हणाली, तू नीट बोलायला लागलास, टाके काढले. सूप गार होतं म्हणून वाटी भिंतीवर फेकलीस हे ऐकलं, तेव्हा डॉक्टरांना नसली तरी मला खात्री पटली की गाडी रुळावर येतेय. पण त्या दिवसाचं तुला काही आठवत नाही म्हणे. गॅरेजमध्ये दुरुस्तीला ट्रकखाली शिरलो होतो, खिशात बायकोचा फोन वाजला, इथपर्यंत आठवतं आणि पुढे सगळं कोरं. ‘ताईला विचार, ती खोटं बोलत नाही,’ असं तिला म्हणालास. म्हणून हे पत्र. तोंडावर सांगायला मला जमणार नाही.

माझं शाळेतलं काम नेमकं काय, हे तू कधी विचारलं नाहीस. ‘ताई पोरींना फूस लावते’ एवढ्यावर भागवलंस. तर ऐक. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास राखून ठेवलेला असतो. त्याला सगळे अर्जांचा तास म्हणतात. ग्रंथालयाला लागून एक लांबट खोली आहे, भिंतीकडे तोंड करून संगणक मांडलेत, आणि एक प्रिंटर आहे जो कागद ओढताना सर्दी झाल्यासारखा सूं सूं करतो. मुलं तिथे बसून कॉलेजांचे अर्ज भरतात आणि मी त्यांच्या मागे येरझाऱ्या घालते. छंदाच्या रकान्यात एकाने ‘झोप’ लिहिलं होतं. मी म्हटलं, खरं आहे, पण लिहू नकोस. त्याने खोडून ‘चिंतन’ लिहिलं. असं सगळं चालतं.

माझा नियम एकच. अर्ज घरी न्यायचा नाही. अर्धा राहिला तर इथेच राहील, उद्या इथेच पुरा होईल. घरी नेलेला अर्ज परत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. कुणाच्या घरी त्यावर चहा सांडतो, कुणाच्या काकांना अचानक मतं फुटतात, कुणाची आई रडायला लागते. शाळेच्या वेळात, शाळेच्या खुर्चीत बसून मूल तेवढा वेळ कुणाचंच नसतं.

एक अडचण मात्र घरापर्यंत जातेच. अर्ज पाठवायच्या आधी पालकांच्या मोबाइलवर एक आकडा येतो. तो अर्जात टाकला की त्यांची संमती झाली. ज्या मुलीच्या घरून आकडा मिळायची आशाच नसते, तिच्यासाठी मी पालक म्हणून माझा नंबर देते. नियमात बसतं का? नाही बसत. पण एका नंबरवर एकाच मुलाचा अर्ज चालतो, त्यामुळे दर वर्षी मला एकीलाच पदरात घेता येतं. यंदा मी तो तुझ्या लेकीसाठी, टिटवीसाठी राखून ठेवला होता. तू तिला नाही म्हणून बसला होतास, आणि तुझं नाही म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी सकाळी दुसरीच एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. ओठ सुजलेला, दप्तर छातीशी. मी तिला आत घेतलं. तिचा अर्ज काढला आणि माझा नंबर देऊन टाकला. मनात म्हटलं, टिटवीचं काय एवढं, तिला आई आहे, आई गुपचूप आकडा सांगेल. दुपारी टिटवीने आईचा नंबर टाकला. तुझा फोन आदल्या दिवशी ऑइलच्या डब्यात पडला होता आणि तू बायकोचा घेऊन गॅरेजवर गेला होतास, हे आम्हा दोघींना कुठून कळणार? ही माझी चूक. अर्ज भरणारी बाई नंबरात चुकली.

आकडा तुझ्या हातात आला आणि तू आलास. चाकांचे नट सोडवायचा लांब पाना घेऊन आलास. दारात शिपाईमामा होते. ‘वहीत नाव लिहा,’ एवढंच म्हणाले. तू त्यांच्या खांद्यावर पाना घातलास. हाड मोडल्याचा आवाज मी आत ऐकला. आपण समजतो तसा तो कडक नसतो, ओला असतो. ते भिंतीला धरून खाली बसले आणि तू त्यांना ओलांडून आत आलास.

पहिला संगणक फुटला तशी मुलं ग्रंथालयाच्या दारातून पळाली. मीच पळा म्हणाले. दुसरा फोडलास, तिसरा फोडलास, प्रिंटर उचलून आपटलास. शाई सगळ्या फरशीवर पसरली. टिटवी खुर्चीतच बसून राहिली होती. तू तिची वेणी धरून मनगटाभोवती वेढे घेतलेस, अण्णा आईची घ्यायचे तसेच, आणि तिला खुर्चीतून खेचलंस. दाराच्या चौकटीवर तिचा गाल आपटला. तू थांबला नाहीस, मागे घेऊन पुन्हा आपटलास. दुसऱ्यांदा चुकून झालं असं मला कुणी सांगू नये. तिचा एक दात मला नंतर शाईत सापडला.

तू माझ्याकडे वळून ओरडलास, ‘तू गेलीस तेव्हा मी होतो मार खायला. आता ही चालली. मग त्या घरात राहायचं कुणी?’

मग तू घसरलास. फरशीवर शाई होती, काचा होत्या, टेबलाच्या कोपऱ्यावर तुझं डोकं आपटलं. टिटवीने पोलिसांना हेच सांगितलं आणि मी मान हलवली. डॉक्टरांनी विचारलं होतं, एकदाच पडले तर जखमा दोन कशा. मी म्हटलं, आधी टेबल, मग फरशी.

आपल्या घरात घसरायची पद्धतच आहे, नाही का? आई न्हाणीघरात घसरायची. तू शाळेच्या पायऱ्यांवर घसरायचास. एकदा तर मी अंथरुणावरून घसरून हात मोडून घेतला होता आणि शेजारच्या काकूंनी ते ऐकून घेतलं होतं. तुझी बायको अजून अधूनमधून घसरते. इतकी निसरडी फरशी गावात कुणाची नसेल.

तू गोळ्या वेळेवर घे. शाळेची आणि शिपाईमामांची तुझ्यावर तक्रार आहे, बरा झालास की त्याचं बघावं लागेल. मी मध्ये पडणार नाही.

तुझी
ताई



बुधवार, १२ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. आधी बातमी. टिटवीची निवड झाली. यंत्रांचं शिक्षण, तिला हवं होतं तेच कॉलेज, राहायची सोय तिथेच. परवा अर्जांच्या तासाला कळलं. गालावरची पट्टी निघाली आहे, व्रण राहील. हसताना तोंडावर हात धरते, पुढचा दात नाही म्हणून. पण हसली.

तू घरी आलास हे कळलं. आणि तुझा निरोपही मिळाला. तुझ्या बायकोने अगदी तुझ्या शब्दांत सांगितला. ताईला सांग, मी चुकलो. डोकं आपटलं ते बरंच झालं, नाही तर पोरीला मारूनच टाकलं असतं. शिपाईमामांचे पाय धरीन. आणि शेवटी म्हणालास, ‘घसरल्यावर ताईने मला उचललं असेल ना? मला तिचा हात आठवतो.’

धाकट्या, तू शिव्या दिल्या असत्यास तर मी हे आयुष्यभर गिळून बसले असते. तुझ्या शिव्या मला पचतात. माफी पचत नाही, ती तू चुकीच्या हिशोबावर मागतो आहेस.

तू घसरला नाहीस. मी मारलं.

त्या खोलीत दाराजवळ आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं असतं. वर्षातून एकदा माणूस येऊन त्याला चिठ्ठी चिकटवून जातो, बाकी कुणी त्याच्याकडे बघत नाही. तू टिटवीला तिसऱ्यांदा चौकटीकडे ओढत होतास. मी ते दोन्ही हातांनी काढलं आणि तुझ्या डोक्यात घातलं, डाव्या कानाच्या वर. तू पडलास. वेणी तुझ्या मनगटाला होती म्हणून तीही तुझ्या अंगावर पडली. तिने स्वतःच वेढे सोडवले आणि भिंतीकडे सरकली. पाना तुझ्या हातातून सुटून कपाटाखाली गेला.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पोरीला सोडवायला मारलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मारीन, आणि कुठल्याही कोर्टात तोंड वर करून सांगीन.

पण मी थांबले नाही. तू कोपरावर उठायला बघत होतास. तुझे हात रिकामे होते आणि ते मला दिसत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, उजवा हात पुढे केलास आणि म्हणालास, ‘ताई, उठव.’ अण्णांचं आटपलं की म्हणायचास तसंच, त्याच आवाजात. तेव्हा मी तुला उठवायचे, तोंड पुसायचे, आपण दोघं पलंगाखाली बसायचो. तुला जो हात आठवतो तो तेव्हाचा असेल.

या वेळी मी नळकांडं पुन्हा उचललं आणि त्याच जागी घातलं. पहिल्यापेक्षा जोरात. नेम धरून.

मला बरं वाटलं. अंगातून काहीतरी उतरावं तसं बरं वाटलं. मारताना अण्णांचा चेहरा कसा शांत व्हायचा, आठवतं? आपल्याला त्या शांत चेहऱ्याचीच भीती वाटायची, ओरडण्याची नाही. माझाही चेहरा तसाच झाला असणार. तिसऱ्या वेळी उचललं तेव्हा टिटवी म्हणाली, ‘आत्या, पुरे.’ ओरडली नाही. पानात वाढणाऱ्या आईला सांगावं तसं म्हणाली. मी नळकांडं खाली ठेवलं, रुमालाने पुसलं आणि परत खिळ्याला टांगलं. मी पुसलं, धाकट्या. डोकं इतकं जागेवर होतं.

तुझ्या उजव्या हातात जोर राहिला नाही, पाना धरता येत नाही, असं तुझी बायको म्हणाली. तो दुसरा घाव आहे. डॉक्टर सांगू शकणार नाहीत, मी सांगते.

पोलीस आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत टिटवी म्हणाली, ‘बाबा घसरले.’ त्यांनी तिच्या गालाकडे बोट दाखवलं. ‘मीपण घसरले.’ तिला हे कुणी पढवलं नव्हतं. आपल्या घरातलं पोर चालायच्या आधी हे शिकतं. मी तिथे उभी होते, आयुष्यभर मुलांना खरं लिहा म्हणून सांगणारी, आणि मी मान हलवली. कारण ते खोटं माझ्या सोयीचं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपून वागते. मी दार जोरात लावलं की तिच्या खांद्यांना झटका बसतो. माझ्यामुळे, तुझ्यामुळे नाही.

आता अर्जाचं. त्याच दिवशी मुदत संपत होती. तुला गाडीत घालून नेलं, पोलीस गेले, शाळा अजून सुटायची होती. टिटवी गालाला कापूस दाबून उभी होती. म्हणाली, ‘आत्या, अर्ज राहिलाय.’ मला तिचा राग आला, खरंच आला. मग वाटलं, हिला आज इथून बाहेर पडायचा रस्ता दिसतोय आणि ती माझी वाट बघत नाहीये. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच्या संगणकासमोरची खुर्ची दिली. टिटवीने पुढचा भाग टाइप केला. संमतीचा जुना आकडा बाद झाला होता, नवा मागवला. तेवढ्यात त्या फुटक्या खोलीतून फोन वाजला. तुझ्या खिशातून पडून टेबलाखाली गेला होता. मी गेले, काढला. काचेवर तुझं रक्त होतं, पदराने पुसून आकडा वाचला आणि तिला सांगितला. कागदोपत्री तिला परवानगी तू दिली आहेस. प्रत्यक्षात मी तुझं डोकं फोडून ती मिळवली.

तिने स्वतःबद्दल काय लिहिलं ते तुला माहीत असावं. सगळी मुलं देशसेवा करायला निघालेली असतात. हिने लिहिलं, ‘माझे वडील इंजिनाला कान लावून आजार ओळखतात. मी लहान असताना त्यांनी माझा कान बॉनेटवर टेकवला आणि विचारलं, काय म्हणतंय? मला अजून तेच शिकायचं आहे.’ मारल्याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, ‘तेही खरंच आहे ना.’ हे वाचून तुला रडू आलं तर ते तुझं तू बघ.

पुढचं नीट वाच. जागा पक्की करायला पालकांचा आकडा पुन्हा लागतो, त्याच नंबरवर. तो फोन आता तुझ्याकडे आहे. तुझी बायको म्हणाली, मी त्यांच्या उशाखालून काढून आणते. मी नको म्हटलं. टिटवीही म्हणाली, ‘नको. आकडा बाबांनाच येऊ दे.’ पुढच्या गुरुवारी अर्जांच्या तासाला आम्ही बटण दाबू. आकडा दे किंवा देऊ नकोस. या खेपेला मी कुणाच्या डोक्यात काही घालणार नाही.

आणि दुसरं. मी उठून पोलिसांकडे जाऊ शकते, जाणारही होते. पण मग ती माझी कबुली होईल, मी किती खरी बाई म्हणून चार माणसं मला शाबासकी देतील. मला ती नको. मार तू खाल्लास. आपल्या घरात मार खाणाऱ्याने आजवर कधी तक्रार केली नाही, आईने नाही, तू नाही, मी नाही. तू कर. मला मारलं असं एकदा मोठ्याने म्हण. मी नाही म्हणणार नाही.

मी शिकायला गेले आणि तू अण्णांच्या तावडीत उरलास, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. मी सतरा वर्षांची होते. मारणारे अण्णा होते.

तुझी
ताई



गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला पेन अडलं. तुझा निरोप पोहोचला होता: ‘तिला सांग, मला बहीण नाही.’ म्हणून मायना आखूड ठेवलाय.

आज काय झालं ते तुला कुणी धड सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

अर्जांचा तास भरला. खोलीत नवे संगणक अजून आले नाहीत, ग्रंथालयातल्या टेबलावर मुख्याध्यापिकाबाईंचाच ठेवला होता. दारात शिपाईमामा, हात गळ्यात बांधलेला. महिनाभर त्यांना घरी बसा म्हणून सांगितलं तर म्हणाले, घरी बायको काम सांगते. बाकीची मुलं आपापले कागद समोर धरून बसली होती, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. टिटवीने बटण दाबलं. मग आम्ही बसलो.

ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्या वेणीकडे. आता ती वेणी घालत नाही, केस कानापर्यंत कापलेत. माझ्याच लक्षात राहत नाही. आकड्याची मुदत संपली. तिने पुन्हा दाबलं. मी म्हटलं, अजून थोडं थांबू. ती म्हणाली, ‘आत्या, तू नको बोलूस.’

तिच्या आईच्या नंबरवरून तिच्या फोनवर संदेश आला. नुसता आकडा. मागे पुढे एक शब्द नाही. तिने एकेक अंक बोट ठेवून टाइप केला. जागा पक्की झाल्याचं पडद्यावर आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या चिंतनवाल्याने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. टिटवी उठली नाही. टेबलावर डोकं ठेवून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, मग नाही ठेवला.

आणि तास संपायच्या आत पोलीस आले. तोच अधिकारी, त्या दिवशीचा. शिपाईमामांनी त्यालाही वहीत नाव लिहायला लावलं. त्याने मला बाजूला घेतलं, पण मी म्हटलं, मुलांसमोरच वाचा, त्यांनी ते नळकांडं रोज पाहिलंय. त्याने वाचलं. तू डाव्या हाताने सही केली आहेस, वेडीवाकडी. तक्रार तू सांगितलीस तशी त्यांनी लिहून घेतली आहे, सुधारली नाही. ‘मी घसरलो नाही. मला मारलं. मी पडलेला असताना मारलं. मी हात पुढे केला होता.’

तुझा आवाज ऐकू आला मला त्यात. आपल्या घरात इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, खरं आहे, सगळं खरं आहे, त्या दिवशी मी खोटी मान हलवली होती.

अधिकारी टिटवीकडे वळला. मी घाईघाईने सांगितलं, पोरीचा काही दोष नाही, ती घाबरलेली होती. पण टिटवी उठली. तोंडावरचा हात काढला. तुटक्या दाताची जागा सगळ्यांना दिसली आणि तिने ती लपवली नाही.

‘माझंही लिहून घ्या,’ ती म्हणाली. ‘मीही घसरले नव्हते. आणि आईसुद्धा.’

तो लिहीत गेला. ती एकेक सांगत गेली, न रडता, अर्ज भरताना सांगावं तसं: कधी, कुठे, कशाने. तुझं सांगून झालं, मग माझं सांगितलं. दुसरा घावही सांगितला. माझा चेहरा कसा होता तेही. मुलं ऐकत होती, शिपाईमामा ऐकत होते. मी माझ्या विद्यार्थिनीचं शेवटचं काम नीट झालेलं उभ्याने ऐकत राहिले.

तेव्हा तयारीत राहा. उद्या मला बोलावलंय, आणि तिच्या जबानीवर तुलाही बोलावतील. शाळेने मला घरी बसवलंय, ते योग्यच आहे. अर्जांचा तास गणिताच्या बाई घेतील, त्यांना मी माझा नियम सांगून आले. टिटवी जाईपर्यंत तिची आई आणि ती शाळेच्या वसतिगृहाच्या बाईंकडे राहणार आहेत, तुझ्या घरी नाही आणि माझ्याही नाही. तिने आपल्या दोघांनाही सारखंच लांब ठेवलंय. मला वाईट वाटलं. मग वाटलं, हिशोब बरोबर आहे.

आकडा का दिलास ते मी विचारणार नाही. तक्रार का केलीस तेही नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हाताने केलंस, एवढं माझ्यापाशी राहू दे.

एक सांगते आणि थांबते. तुझ्या तक्रारीत पहिल्याच ओळीत आरोपीची ओळख लिहावी लागते. अधिकाऱ्याने ती ओळ मला दाखवली, बरोबर आहे का म्हणून. मी बरोबर आहे म्हणून सही केली. तेव्हा तू काहीही म्हण, आता ते सरकारदरबारी नोंदलेलं आहे. तिथे लिहिलंय त्याप्रमाणे,

तुझी सख्खी मोठी बहीण